योएल १:४ मधला ‘येलेक’ म्हणजे नक्की कोणता टोळ?

वसईकर: आमच्या बायबल स्टडीत योएल हे बायबलमधलं पुस्तक चालूय. १:४ मध्ये टोळांची चार नावं येतात, गाझाम, आर्बे, येलेक, हासील, एकाने सोडलं ते दुसऱ्याने खाल्लं असं. मराठीत वाचताना मात्र सगळे टोळच. ग्रुपमधला एकजण म्हणतो ह्या एकाच टोळाच्या चार अवस्था, आणि येलेक म्हणजे पंख न फुटलेलं पिल्लू. खरंय का? शनिवारी मला त्यावर बोलायचंय, हिब्रू येणारं कोणी असेल तर प्लीज सांगा.

हिब्रू_वाचते: दादा, पिल्लाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाहीये. येलेक हा शब्द अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये ९ वेळाच येतो, त्यातलं नहूम ३:१६ बघा, ‘येलेक पाशात वय्याओफ’. वय्याओफ म्हणजे उडून गेला, सगळा घोळ ‘पाशात’ ह्या हिब्रू क्रियापदाचा आहे. १ शमुवेल १९:२४ ला शौल अंगावरचे कपडे काढतो तिथे हेच क्रियापद, आणि त्याच पुस्तकात २३:२७ ला पलिष्टी देशावर धाड घालतात तिथेपण हेच! म्हणजे ‘येलेक कात टाकून उडाला’ किंवा ‘लूट करून उडाला’, दोन्ही बसतं. मला कात टाकणंच पटतं, कारण लगेच पुढे उडणं आहे आणि टोळाला उडता येतं ते शेवटची कात टाकल्यावरच.

पण चार अवस्था म्हणून क्रम लावू नका. योएल २:२५ ला तीच चार नावं परत येतात आणि तिथे क्रम आर्बे, येलेक, हासील, गाझाम असा आहे.

काटोलचा_संत्रावाला: मला हिब्रू येत नाही पण टोळ पाहिलेत. मे २०२० ला अमरावतीकडून आमच्या भागात आले ते सगळे पंखवाले, आम्ही थाळ्या वाजवत पळत होतो, रात्री झाडावर बसले की फवारणी. पिल्लं आमच्याकडे दिसलीच नाहीत. वाळवंटी टोळ पाच वेळा कात टाकतो, पिल्लं झुंडीने चालत चालत खातात. म्हणजे ज्याच्या शेतात अंडी घातली त्याला आधी पंखवाला खातो, मग त्याचीच पिल्लं. आर्बे पंखवाला आणि येलेक पिल्लू धरलं तर आर्बेनंतर येलेक, दोन्ही वचनांत हे जुळतंय की ताई!

हिब्रू_वाचते: हो, तेवढी जोडी दोन्हीकडे त्याच क्रमात आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण गाझाम एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, त्यामुळे चारही जणांची साखळी लागत नाही. हासील तर ‘फडशा पाडणं’ ह्या धातूवरून येतो आणि बायबलच्या ‘अनुवाद’ ह्या पुस्तकात २८:३८ ला ते क्रियापद चक्क आर्बेलाच लावलंय, म्हणजे हासील ही वेगळी अवस्थाच असेल असं नाही.

वसईकर: थँक्यू दोघांना. शनिवारी आधी नहूमचं वचन वाचणार, मग योएल.