एकदम भरपेट नको

कॉलेज रोडला होस्टेलवर राहून अर्धपोटी डाएट करणाऱ्या एकांच्या भाचीला ‘घरी आणा, शिरा-पुरणपोळी चारा, आठ दिवसांत भरून निघेल’ असं कुणीतरी सुचवलंय. घरी आणा हे पटलं. चारण्याची घाई मात्र जिवावर बेतू शकते. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आटलेलं असतं, आणि तरी रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो (इथेच सगळे फसतात). गोडाधोडाचं भरपूर पोटात गेलं की इन्सुलिन वाढतं, ते हे क्षार पेशींत ओढून घेतं आणि रक्तातलं प्रमाण धाडकन उतरतं. मग पायांवर सूज, धाप, हातापायांतली ताकद जाणं, हृदयाचे ठोके बिघडणं. हा रीफीडिंग सिंड्रोम. बहुधा पहिल्या पाचेक दिवसांतच दिसतो, म्हणजे ‘चला, खायला लागली’ म्हणून घरचे निर्धास्त होतात तेव्हाच.

दहाहून जास्त दिवस पोटात जवळपास काही नसेल, किंवा ३ ते ६ महिन्यांत वजन १५ टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर आधी फिजिशियन गाठा; मानसोपचार हवेतच, पण त्यासोबत. ईसीजी, वरचे तिन्ही क्षार, साखर तपासून घ्या. थायमिन (व्हिटॅमिन बी१) अन्नाच्या आधी सुरू करतात, आहार ४ ते ७ दिवसांत हळूहळू वाढवतात, रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका, थायमिनशिवाय तर नाहीच. द्राक्षाच्या ज्यूसपेक्षा दूध-दही बरं, त्यातून फॉस्फेट तरी मिळतं.