मदत हवी आहे: चार वर्षांच्या मुलीला शाळेच्या बसने पाठवायचंय, नेमकं काय काय तपासू?

सांजवेळ

लेक चार वर्षांची. उंची १०२ सें.मी., वजन १६ किलो. पुढच्या महिन्यापासून शाळेच्या बसने जाणार, एका वेळचा प्रवास पाऊण तासाच्या आतबाहेर. शाळेने दिलेल्या पत्रकात जीपीएस, कॅमेरा आणि ॲप एवढंच ठळक अक्षरांत आहे. बस मोठी आहे, सगळ्या सीट पुढे तोंड करून, पाठी उंच. पट्टे फक्त कमरेचे, तेही सगळीकडे नाहीत. एक मदतनीस ताई असतात. थांबा रस्त्याच्या पलीकडे आहे.

१. कमरेचा पट्टा लावावा की लावू नये? दोन्ही बाजूंनी ठामपणे सांगणारे भेटलेत.
२. कुठली सीट मागून घ्यावी?
३. शाळेला काय विचारू आणि लेकीला काय शिकवू?

"सगळी मुलं जातात, तीही जाईल" हे सोडून काहीही सांगा.

---

मोजपट्टी

तुमचे पहिले दोन प्रश्न बसच्या आतले आहेत. मोठ्या बसमध्ये सीटवर बसलेलं मूल बऱ्यापैकी सुरक्षित असतं. घात होतो तो चढता-उतरताना, बसच्या चारी बाजूंच्या साधारण तीन मीटरच्या पट्ट्यात. आणि मुलाला धडकणारी गाडी पुष्कळदा तीच बस असते.

कारण साधं आहे. सपाट तोंडाच्या बसमध्ये पुढच्या काचेची खालची कड तुमच्या लेकीच्या डोक्याच्या वर येते. ती बंपरला लागून उभी असेल तर ड्रायव्हरला ती दिसतच नाही. दाराच्या मागे, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतच्या बाजूचंही तेच. तिथे सगळी भिस्त आरशांवर, आणि आरसा हलला असेल तर तीही संपली. तपासायचं असेल तर मीटरभर उंचीची काठी बंपरपाशी उभी धरा, कुणालातरी ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि काठी दिसेपर्यंत मागे मागे सरका. जिथे दिसली तिथवरचा सगळा टापू आंधळा. समोरचं जवळचं दाखवणारा फुगीर आरसा असेल तर तो टापू बराच आक्रसतो, म्हणून तो आहे का आणि नीट बसवलाय का, हे कॅमेऱ्याच्या आधी विचारा.

आता थांबा. रस्ता ओलांडायला लागू नये म्हणून आधी शाळेशी भांडा. थांबा तुमच्या बाजूला घ्या म्हणावं, फेरीचा क्रम उलटा केला की पुष्कळदा जमतं. नाहीच जमलं तर नियम एकच: न्यायला येणारा माणूस बसचं दार उघडतं त्या बाजूला, बस येण्याआधी उभा हवा. पलीकडे उभं राहून हात हलवणं, हाक मारणं, बिलकूल नाही. चार वर्षांच्या मुलाला आई दिसली की मधला रस्ता दिसत नाही.

चढताना: पाच मिनिटं आधी पोहोचा, कडेपासून मोठ्यांची चार-पाच पावलं मागे उभे राहा, बस पूर्ण थांबून दार उघडेपर्यंत जागचं हलू नका. उतरताना: आधी मदतनीस ताई खाली, मग मूल, हात तुमच्या हातात, आणि बस निघून गेल्यावरच रस्ता ओलांडायचा. बसच्या पुढून घाईघाईने नाही.

आणि पडलेली वस्तू. डबा, बाटली, टोपी घरंगळत बसखाली जाते, मूल वाकून आत शिरतं, त्याच क्षणी ड्रायव्हर आरसा बघून गाडी सोडतो. "पडलं तर पडू दे, आधी ताईंना सांग" हे घरी खेळ म्हणून रोज करून घ्या. मुद्दाम बाटली पाडा. नुसतं सांगून या वयात उपयोग नाही, अंगवळणीच पडावं लागतं.

---

पाना_पक्कड

पट्ट्याबद्दल. दोन्ही मतं ऐकू येतात कारण दोन्हीत थोडं थोडं तथ्य आहे.

मोठ्या स्कूलबसमध्ये उंच, गुबगुबीत पाठीच्या सीट मुद्दाम जवळजवळ लावतात. समोरून धडक बसली तर मूल पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतं, ती पाठ वाकते आणि दणका शोषून घेते. ही युक्ती समोरच्या आणि मागच्या धडकेत चांगली चालते. बस उलटली किंवा बाजूने ठोकर बसली की तिचा उपयोग नाही, कारण मूल त्या कप्प्यातून बाहेर फेकलं जातं. आणि मूल बाकाच्या कडेला पाय सोडून मागे वळून गप्पा मारत असेल तर समोरच्या धडकेतही नाही.

कमरेच्या पट्ट्याची अडचण वेगळी. या वयात कमरेच्या हाडाचा पुढचा उंचवटा पुरेसा तयार नसतो, त्यामुळे पट्टा वर सरकून मऊ पोटावर येतो. जोराच्या धडकेत शरीर तिथेच दुमडतं. मग पोटातले अवयव आणि कण्याचा खालचा भाग यांना इजा होते, शिवाय डोकं पुढच्या सीटवर आपटतं.

तुमच्या लेकीच्या वजनाला खरं उत्तर पाच ठिकाणी बांधणाऱ्या पट्ट्यांची लहान मुलांची सीट. यातल्या बऱ्याच सीट नुसत्या कमरेच्या पट्ट्यानेही गाडीच्या सीटला बांधता येतात, पुस्तिकेत तसं दिलंय का ते बघा. बांधल्यावर पट्टा जातो त्या जागी धरून हलवा, अडीच सेंटिमीटरहून जास्त हलता कामा नये. फक्त उंची वाढवणारी बूस्टर सीट घेऊ नका. तिला खांद्याचा पट्टा लागतोच, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर ती चालत नाही.

लहान मुलांची सीट शक्यच नसेल तर माझं मत: पट्टा लावा, पण नीट. पार्श्वभाग पाठीला टेकलेला, पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाला, घट्ट, पीळ नसलेला. दप्तर पाठीवर ठेवून पट्टा लावला तर मूल पुढे येतं आणि पट्टा ढिला पडतो. एका पट्ट्यात दोन मुलं कधीच नकोत. उद्या शाळेने मोठ्या बसऐवजी लहान व्हॅन पाठवली तर हा वादच उरत नाही. हलक्या गाडीत प्रत्येक मुलाला पट्टा हवाच, आणि भिंतीला पाठ लावून समोरासमोर बसायचे आडवे बाक असतील तर सरळ नाही म्हणा.

सीट कुठली? पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात, खिडकीकडची, मदतनीस ताईंच्या नजरेतली. दारालगतची पहिली सीट, जिच्यापुढे गादी लावलेली आडभिंत नाही, ती नको. शेवटची रांग नको. संकटकाळी उघडायच्या दाराशी बाळगोपाळ नकोत, तिथे दार उघडू शकतील अशी मोठी मुलं बसवायची. त्या दाराशी दप्तरांचा ढीग असतो का, तेही बघून या. हमखास असतो.

---

सांजवेळ

दोघांचेही आभार. बूस्टरच घेणार होते, वाचले पैसे. शाळा म्हणते की ॲपवर मूल चढल्या-उतरल्याचा मेसेज येतो. त्यावर किती विसंबायचं?

---

हजेरीपट

मेसेज येतो तो मुलाच्या ओळखपत्राचा, चढता-उतरताना बसमधलं यंत्र टिपतं त्या कार्डाचा. कार्ड दप्तराला अडकवलेलं असेल तर दप्तर चढल्याचं कळतं. जीपीएस बस कुठे आहे ते सांगतो, मूल कुठे आहे ते नाही. बसला उशीर झाला तर बरं पडतं, तेवढ्यापुरतं ठेवा.

बसमध्ये झोपलेलं मूल मागे राहणं, हा सर्वांत वाईट आणि सर्वांत सहज टळणारा प्रकार. बंद कारमध्ये बाहेर ३० अंश असताना दहा मिनिटांत आत ४०च्या आसपास तापमान जातं. खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. बस मोठी, तिला थोडा जास्त वेळ लागेल, पण शाळेचा दिवस त्याहून कितीतरी लांब असतो. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं.

हे घडतं ते बहुतेक नेहमीची घडी बिघडल्यावर: बदली ड्रायव्हर, नवीन ताई, बस बदललेली, मूल नेहमीची सीट सोडून मागे जाऊन झोपलेलं. म्हणून शाळेला हे विचारा:

– शेवटचं मूल उतरल्यावर बसमध्ये कोण फिरतं? पुढून मागे, प्रत्येक सीटवर आणि वाकून सीटखाली? पुढे उभं राहून मागे नजर टाकणं म्हणजे तपासणी नव्हे, उंच पाठींमागे झोपलेलं मूल तिथून दिसत नाही.
– गाडी बंद केल्यावर वाजणारा आणि बसच्या मागच्या टोकाला जाऊनच बंद करता येणारा भोंगा आहे का? दक्षिण कोरियात २०१९पासून तो सक्तीचा आहे. बटण ड्रायव्हरजवळ हलवलेलं असेल तर भोंगा असून नसल्यासारखा.
– चढलेली मुलं आणि उतरलेली मुलं नावानिशी ताडून बघतात का? नुसत्या आकड्याने दोन चुका एकमेकींना झाकतात.
– वर्गात मूल नाही दिसलं तर किती वेळात घरी फोन जातो? पहिल्या अर्ध्या तासात जायला हवा. बसच्या यादीत नाव आहे आणि वर्गात नाही, तर फोनच्या आधी बस उघडायची.

लेकीला शिकवा: जाग आली आणि कोणी नसेल तर पुढे जाऊन हॉर्न दाबत राहायचं. हातात जोर पुरला नाही तर सरळ हॉर्नवर बसायचं. मात्र किल्ली काढल्यावर त्या बसचा हॉर्न वाजतो का, हे आधी बघून घ्या. काही गाड्यांत वाजत नाही.

सोपवण्याचं: घ्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो ताईंकडे हवेत. थांब्यावर त्यांतलं कोणी नसेल तर मूल बसमध्येच राहून शाळेत परत जायला हवं, "शेजाऱ्यांकडे सोडलं" चालणार नाही. हे लेखी घ्या. नाव, फोन दप्तराच्या आतल्या बाजूला लिहा. बाहेर ठळक नाव असलं की परका माणूसही तिला नावाने हाक मारू शकतो.

---

मोजपट्टी

वरच्या यादीत एक भर. शाळेच्या आवारात बस मागे घेतात का, विचारा. मुलं चालत असताना बस रिव्हर्स येत असेल तर मागचा भोंगा वाजला काय आणि न वाजला काय, आवाराची रचनाच चुकलेली आहे. बस पुढेच जाऊन बाहेर पडेल अशी वाट हवी.

बसमध्ये खाऊ नको. घशात अडकलं तर गोंगाटात आवाजच ऐकू येत नाही. हातात पेन्सिलही नको.

---

पाना_पक्कड

दाराजवळचा दांडा राहिला. दांडा आणि भिंत यांच्यामधली फट खाली निमुळती होत गेली असेल तर जॅकेटची नाडी, दप्तराचा लोंबता पट्टा त्यात अडकतो. मूल खाली उतरलेलं, नाडी आत, दार बंद, बस चालू.

तपासणी मिनिटाची. ९० सें.मी. लांब सुती दोरी, तीन मिलिमीटर जाड, एका टोकाला अर्धा इंची नट बांधायचा. बसबाहेर जमिनीवर उभं राहून नट दांड्याच्या मागे सोडायचा आणि मूल उतरतं त्या दिशेने दोरी ओढायची. निसटून आला तर ठीक. वरून, मधून, खालून असं तीनचार वेळा करा. एकदा जरी अडकला तरी दांड्याचं खालचं टोक बदलून घ्यायला सांगा. तोवर कपड्यांच्या नाड्या काढून टाका, दप्तराला कीचेन नको.

---

सांजवेळ

शनिवारी बस बघायला बोलावलंय. काठी आणि दोरी दोन्ही नेते. अर्धा इंची नट म्हणजे १२ एमएमचा चालेल का?

---

पाना_पक्कड

चालेल, सपाट कडांमधलं माप १९ मि.मी.च्या जवळ आहे ना तेवढं बघा. जाताना दोन न्या, एक फटीत अडकून बसतो.