वाईन शिकायचीय, कुठून सुरू करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, आमच्याकडं नान्नजची सोनाका द्राक्षं लहानपणापासून खाल्लीत पण वाईनची द्राक्षं वेगळीच असतात, बारीक, जाड सालीची, बियांची, हे आत्ता कळलं. आपल्याच जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली वाईन कंपनीवाले सांजोवेझे ही इटलीची जात लावतात, लई भारी वाटलं ऐकून! आतापर्यंत शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन घेतली, गार करून, पेरूसारखा वास, फार आवडली. शिराझ या लाल वाईननं मात्र जीभ कोरडी पडली, कच्च्या सुपारीसारखी, ते साल-बियांमधल्या टॅनिन या तुरट घटकामुळं म्हणे. आता सातआठशेच्या आत पुढची कुठली घेऊ? कडक भाकरी, शेंगाचटणीबरोबर काय जमेल? आणि आपल्या उन्हाळ्यात उघडलेली बाटली फ्रीजमध्ये किती दिवस चांगली राहते? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा