दक्षिणद्वाराला गोव्याहून धावायचं का?

साखळीकर:
नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार लागल्याची बातमी आली, की रातोरात गाडी काढणाऱ्यांना माझा विरोध आहे. कृष्णेचं पाणी उत्तर दारातून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं आणि तिथे भाविक स्नान करतात. पण पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. जोरात चढत असेल तर काही तासांत दार बुडतं, स्नान बंद. चोर्ला, बेळगाव, निपाणी, कागल करत पावसात सहा तास तरी धरा. घाटात दरड आली तर हिशेबच संपला. आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा २०१९ व २०२१ मध्ये थेट महामार्गावर आली होती, हे विसरू नका. आश्विन वद्यातली गुरुद्वादशी झाली की जा. पाणी उतरलेलं असतं, पादुकांपुढे निवांत उभं राहता येतं.

औदुंबर:
निवांत दर्शन एरवीही मिळतं हो. नदी स्वतः येऊन पादुकांना स्नान घालते, ते मार्गशीर्षात कुठून मिळणार? चूक आहे ती चढत्या पाण्यामागे धावण्यात. उतरता दक्षिणद्वार धरा. पूर ओसरताना पाणी पुन्हा त्याच पातळीला येतं आणि बहुधा सावकाश उतरतं. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बातम्यांत रोज येते: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ३९ च्या वर असेल तर घरीच थांबा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगा फुगते, कोयना धरणातून पाणी सोडलं की कृष्णा. दोन्हीकडचा विसर्ग कमी झाल्यावरच निघा.

साखळीकर:
आणि गाळाचं काय? उतरत्या पाण्यात पायऱ्यांवर बोटभर गाळ बसलेला असतो, अगदी साबणासारखा. पाणी इतकं गढूळ, की पुढच्या पायरीची कड दिसत नाही. त्यात ओली साडी पायात अडकते. म्हाताऱ्या माणसांना तिथे नेऊच नये.

बार्देशकर:
पाण्याबद्दल दोघेही बोलला नाहीत. पंचगंगा कोल्हापूर-इचलकरंजीचं सांडपाणी घेऊन वाडीला कृष्णेला मिळते. पुरात पाणी पातळ होतं, स्वच्छ होत नाही. ओंजळभर पिऊ नका, डोक्यावर घ्या. पायाला चीर किंवा जखम असेल तर उतरूच नका. लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, काय असतो ते गोव्यात वेगळं सांगायला नको.

औदुंबर:
हे दोन्ही मान्य. म्हणून पद्धत सांगतो. सुती, आखूड कपडे. दोर बांधलेला असेल तरच उतरायचं, एक हात दोरावर, एक डुबकी आणि बाहेर. लहान मुलं वरच. गाडी नदीकाठी लावू नका. त्या दिवसांत उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या मंदिरात नेलेली असते, दर्शन तिथे घ्या. म्हाताऱ्यांना तेवढंही पुरे.

साखळीकर:
एवढी काळजी घेणारा जाऊ दे, माझी हरकत नाही. पण महामार्ग बंद झाल्याचं कळलं तर आडवाटा शोधत बसू नका. साखळीच्या दत्तवाडीत या, तिथेही दत्तच आहे.