तुमची पहिली सहल कोणी नेली?

बाबांच्या कपाटात हिरव्या रेक्झिनची एक वही सापडली. वर त्यांच्या ठळक अक्षरात एकच शब्द, 'सहल'. आत १९७४ पासूनची पानं : नाव, माणसं किती, वर्गणी, जमा, बाकी. इंदूरच्या रामबागेतले शेजारी, बँकेतले सहकारी, त्यांच्या आत्या-मावश्या. बाबा साधे कारकून होते, पण दर श्रावणात मांडू आणि थंडीत एखादी लांबची सहल त्यांनी काढली नाही असं एकही वर्ष वहीत नाही. त्यातून त्यांनी एक पैसा मिळवला नाही. उलट काही पानांच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, 'तूट ११ रु., स्वतः'.

वही चाळताना सारखा थॉमस कुक आठवत होता. ५ जुलै १८४१ रोजी त्यानं लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० माणसं रेल्वेनं नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. हा मूळचा लाकूडकाम करणारा, दारूबंदीचा प्रचारक. सभेला माणसं न्यायची होती, म्हणून रेल्वेवाल्यांशी बोलून त्यानं अख्खी गाडीच ठरवली. पुढे त्याच्या नावावर जगभर धंदा उभा राहिला आणि २०१९ मध्ये ती ब्रिटिश कंपनी बुडाली, हे आपण बातम्यांत वाचलं. पण त्या दिवशी तो फक्त माणसं जमवणारा एक माणूस होता. असा माणूस आपल्याकडे प्रत्येक गल्लीत होता, आणि त्याची नोंद कुठेच नाही.

म्हणून विचारते. तुम्हाला पहिल्यांदा कोणी फिरायला नेलं? लग्नाला, बाळंतपणाला नव्हे, नुसतं बघायला. कशानं गेलात, काय खाल्लंत, किती पडले, काय बिघडलं? या धंद्यात असलेल्यांनी तर जरूर लिहावं.

*

नारायण बाग

माझं वय ७९. नुसतं बघायला म्हणतेस, पण आमच्या वेळी सुनेला नुसतं बघायला कोण नेणार? बाहेर पडायचं ते देवाच्या नावानं.

१९६८ च्या कार्तिकात सासूबाई मला ओंकारेश्वरला घेऊन गेल्या. तेव्हा इंदूरहून छोटी लाईन होती, मीटर गेज. पहाटेची गाडी, महू गेलं की पाताळपाणी, आणि तिथून घाट उतरायला सुरुवात. कालाकुंडला गाडी थांबे, तिथे पळसाच्या पानात कलाकंद मिळे. गरम असे, पानाचा थोडा तुरट वास त्याला लागलेला. सासूबाईंनी एकच पान घेतलं आणि अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. घरात त्यांच्या हातून मला कधी असं काही मिळालं नव्हतं.

दर्शन झालं. मला वाटलं, आता लगेच परतायचं. तर त्या म्हणाल्या, "जरा बसू." नर्मदेत पाय सोडून आम्ही दोन तास बसलो. स्वयंपाकाचं, पाहुण्यांचं, कशाचंही बोलणं नाही. मध्येच त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. देव निमित्त होता आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. माझी पहिली सहल ती, आणि नेली माझ्या सासूनं.

येताना चढ असल्यामुळे कालाकुंडला जास्तीचं इंजिन जोडत. जोडताना धक्का बसला की डब्यातली पोरं ओरडत. ही रेल्वे होळकरांच्या पैशावर झाली, हे यांनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० मध्ये खांडवा-इंदूर रुळांसाठी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजानं. आम्हा बायकांना नर्मदा एका दिवसात जाऊन-येऊन जमू लागली ती त्या रुळांमुळे.

*

सुदामा नगर

आम्हाला सरकारनं नेलं असं म्हणायला हरकत नाही. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. चार वर्षांचा ब्लॉक आणि त्यात एकदा भारतात कुठेही जायची सवलत. ब्लॉक संपत आला की आमच्या क्वार्टर्समध्ये सगळ्यांच्या घरी टाइमटेबल उघडलेलं दिसे. भाडं मिळे, राहणं-खाणं स्वतःचं. म्हणून मंडळी धर्मशाळेत उतरत, स्टोव्ह बरोबर नेत. पर्यटनाचा इतिहास लिहिताना लोक राजवाडे आणि हॉटेलं लिहितात, पण मध्यमवर्गानं कन्याकुमारी पाहिली ती या एलटीसीच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे.

१९८६, काशी-प्रयाग-गया. एका एजंटनं लॉजचे पैसे आगाऊ घेतले होते. काशीला रात्री साडेदहाला पोचलो तर लॉजवाल्याच्या वहीत आमचं नावच नाही. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवलेला मी तेव्हा पाहिला. धर्मशाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर रात्र काढली. सकाळी नावेतून जाताना नाविकानं विचारलं, कुठून आलात. इंदूर म्हटल्यावर त्यानं वल्हं थांबवून एका घाटाकडे बोट केलं, "तो तुमच्या राणीचा." अहिल्याबाईंचा घाट. विश्वनाथाचं आत्ताचं मंदिर त्यांनीच १७८० मध्ये उभारलं, पुढे गयेचं विष्णुपदही. वडील नावेत उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. आई "बसा हो, नाव हलतेय" म्हणत राहिली. रात्रीच्या त्या व्हरांड्याबद्दल ते परत कधी बोलले नाहीत, घाटाबद्दल मात्र शेवटपर्यंत बोलत.

एजंटनं निम्मे पैसे परत दिले, तेही चार चकरा मारल्यावर.

*

राजेंद्र नगर

मी या धंद्यात २६ वर्षं काढली, म्हणून जरा लांब लिहितो.

१९९६ मध्ये मेव्हण्याबरोबर सुरुवात केली. तेव्हा इंदूरच्या मराठी माणसाला ग्रुप टूर हवी असेल तर मुंबई गाठावी लागे. केसरी पाटलांची कंपनी १९८४ पासून होती, मुंबई-पुण्याच्या इतरही होत्या, पण दर लागायचा तो 'मुंबई ते मुंबई'. म्हणजे अवंतिका एक्सप्रेसनं जातानाची एक रात्र आणि येतानाची एक. आम्ही ठरवलं, 'इंदूर ते इंदूर' न्यायचं. आमच्याकडे कल्पना म्हणून एवढीच होती.

लोकांना दिसतो तो माणशी दर. आतला हिशोब वेगळा असतो. बस ३५ सीटांची ठरली की ती भरो न भरो, भाडं तेवढंच. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, परराज्यातला कर, महाराजांचा, म्हणजे स्वयंपाक्याचा, पगार, टूर मॅनेजर, सगळं ठरलेलं. माणसागणिक वाढतं ते खोली, किराणा आणि तिकीट. आमच्या हिशोबात पहिल्या २४ जणांत फक्त खर्च निघे, २५ व्या माणसापासून आम्हाला काही उरे. मे महिन्यातली मनाली २२ वर अडली तर काय करायचं? हॉटेलवाल्यांना आगाऊ रक्कम जानेवारीतच गेलेली असे. आम्ही बहुतेक वेळा तोटा सोसून टूर नेली. रद्द केली की ती २२ घरं पुन्हा आपल्याकडे येत नाहीत.

आमचे महाराज खरगोनचे. मालवा एक्सप्रेसनं अंबाला, तिथून बस. बसच्या डिकीत बर्नर, पितळी पातेली आणि इंदूरच्या सियागंज बाजारातून भरलेला महिन्याचा वाटावा असा किराणा. पोहे, सेव आणि जिरावन मसाल्याचा मोठा डबा महाराज दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. मनालीत पहाटे साडेपाचला हॉटेलच्या मागच्या पत्र्याखाली ते पोहे वाफवायचे. गारठ्यात बर्नर धरायचा नाही, म्हणून आम्ही दोघं तिघं गोधडी आडवी धरून उभे राहायचो. त्या वासानं मंडळी आपोआप खाली उतरत. हॉटेलचा बुफे आल्यावर महाराजांची गरज संपली असं पुष्कळांनी सांगितलं. मी ते मानलं नाही. सत्तरीच्या माणसाचं पोट ठीक राहिलं तरच त्याला हिमालय दिसतो.

भांडणं व्हायची ती खिडकीवरून आणि खोलीच्या मजल्यावरून. खिडकीसाठी आम्ही रोज सीट फिरवायचो, पुढच्या दोन ओळी दुसऱ्या दिवशी शेवटी. मजल्याला मात्र इलाज नव्हता. एकट्या बाईचा प्रश्न याहून अवघड. दर दोघांत एक खोली धरून काढलेला, एकटीला हवी तर जादा पैसे. ज्या विधवा बायका मोठ्या हिंमतीनं नाव नोंदवायला येत, त्या हा आकडा ऐकून उठून जात. मग आम्हीच जोड्या जमवू लागलो. आधी दोघींना ऑफिसात चहाला बोलवायचं, एकमेकींशी बोलू द्यायचं. २००४ च्या केरळ टूरमध्ये अशी जमवलेली एक जोडी पुढे १४ वर्षं बरोबर फिरली, आमच्याबरोबर आणि आमच्याशिवायही.

एक प्रसंग सांगतो. मनालीजवळ सोलंगला एका आजींनी पहिल्यांदा बर्फ हातात घेतला. पिशवीतून कुंकवाची रिकामी स्टीलची डबी काढली, बर्फ दाबून भरला. नातवाला दाखवायचाय म्हणाल्या. कोणी हसलं नाही. बसमध्ये दर थोड्या वेळानं झाकण उघडून बघत होत्या. रात्री जेवणाच्या वेळी नुसतं पाणी उरलं होतं. ते त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीत ओतून घेतलं आणि इंदूरपर्यंत आणलं.

२०२० च्या मार्चमध्ये आमच्याकडे एप्रिल-मेच्या चार टूर भरलेल्या होत्या. हॉटेलांत पैसे अडकले. काहींनी पुढच्या वर्षासाठी जमा धरले, काहींनी फोन उचलणं सोडलं. आम्ही सगळ्यांचे पैसे परत दिले, दोन वर्षांत हप्त्यांनी. मेव्हण्यानं प्लॉट विकला. २०२२ मध्ये ऑफिसची किल्ली मालकाला दिली. महाराज आता गावी असतात, दिवाळीला त्यांचा फोन येतो.

*

पलासिया

काका, तुमचा हिशोब वाचताना आमचं काउंटर आठवलं.

मी २००३ मध्ये एका एजन्सीत लागले. तेव्हा विमानाचं तिकीट म्हणजे छोटं पुस्तकच, मागे लाल कार्बन, एकेका टप्प्याचं कूपन वेगळं. १ जून २००८ पासून आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेनं कागदी तिकीट बंद केलं आणि त्याच सुमारास विमान कंपन्यांनी एजंटांचं नेहमीचं कमिशन काढून घेतलं. रेल्वेचं आरक्षण तर २००२ पासूनच ऑनलाइन. वर्षभरात दुकानाला कुलूप लागणार, असं सगळे म्हणत होते.

लागलं नाही. माणसं तिकीट मोबाईलवर काढतात आणि व्हिसाचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. २०१९ च्या जुलैत इंदूरहून थेट दुबईचं विमान सुरू झालं, तेव्हा जन्मात पहिल्यांदा परदेशी निघालेली कितीतरी मराठी जोडपी माझ्यासमोर बसली. आपल्या नावांचा घोळ सर्वांत मोठा. लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर, लग्नानंतरचं तिकिटावर, मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. एका काकूंचं तिकीट मुलानं पुण्यात बसून काढलं होतं, आडनाव सासरचं. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं. ते रद्द करून नवं काढलं, जवळजवळ दुप्पट पैसे पडले. काकू रडकुंडीला आल्या होत्या, पैशांसाठी नाही, "विमान मला घेणारच नाही का" म्हणून. दुबईहून त्यांनी मला खजूर आणले.

आम्ही विकतो ते हेच, रात्री दोनला फोन उचलणारं माणूस.

*

माहेर महेश्वर, आता इंदूर

मला कोणी नेलं नाही, आमच्याकडेच सगळे येत.

लहानपणी बाहेरचं माणूस म्हणजे नर्मदेचा परिक्रमावासी. त्याला ओट्यावर बसवून भाजी-भाकरी वाढायची, हा शिरस्ता. १९७९ मध्ये विणकरांसाठी रेहवा संस्था सुरू झाली, बंद पडत चाललेल्या हातमागांना काम आलं. मग साड्या घ्यायला लोक येऊ लागले, पुढे किल्ल्याच्या एका भागात हॉटेल झालं. आता शनिवारी संध्याकाळी इंदूरच्या गाड्यांची रांग लागते. भावानं वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी केल्या आहेत.

पहिल्या पाहुण्यांनी निघताना पैसे दिले तेव्हा आईला ते घेववेनात. जेवलेल्या माणसाकडून पैसे? तिनं ते घेतले आणि त्यातलेच दोनशे त्यांच्या मुलीच्या हातावर खाऊला ठेवले. भाऊ चिडला. ती अजूनही तसंच करते, फक्त आता त्याला कळू देत नाही.

एक तक्रार आहे. घाटावर लग्नाआधीच्या फोटोंसाठी पहाटेपासून ड्रोन फिरतात. बायकांच्या आंघोळीची ती वेळ आहे. आई आता साडेचारला, अंधारातच जाते. येणाऱ्यांनी यावं, आम्हाला त्यांची मिळकत आहे, पण त्या एका तासाला ड्रोन खाली ठेवा.

*

विजय नगर

नारायण बागेतल्या आजी, तुमचा कालाकुंडचा कलाकंद अजून मिळतो. मीटर गेजचा तेवढा तुकडा, पाताळपाणी ते कालाकुंड, २५ डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज गाडी म्हणून चालवतात. महू-ओंकारेश्वरची नेहमीची गाडी २०२३ मध्ये रुळांच्या रुंदीकरणासाठी थांबली. पावसाळ्यात चला. मी दोन तिकिटं काढतो, तुमच्या सोबतीला कोण येणार तेवढं सांगा.

*

रामबाग

सगळ्यांचं दोनदा वाचलं. बाबांच्या वहीतलं पहिलं पान कोणीतरी विचारलंय, ते उतरवते.

'मांडू. रविवार. माणसं ३८, मुलं ९. वर्गणी ८ रु., मुलं अर्धी. निघणे सकाळी ६, गंगवाल बस स्टँड. बरोबर : पुरी-बटाटा भाजी, ताक, छत्र्या. जहाज महाल, दोन्ही तलाव भरलेले असतील तर तिथेच जेवण. रूपमती मंडपावर सगळ्यांना ४ च्या आत चढवणे, नंतर ढग येतो व नर्मदा दिसत नाही. गुडघेदुखीवाल्या तिघींसाठी खुर्ची.'

आणि बाजूला दुसऱ्या शाईत, नंतर लिहिलेलं : 'नर्मदा दिसली. खुर्ची आणली नाही, पाळीपाळीनं हात धरून चढवलं.'