पांढरीच्या टेकाडाभोवती बाग करायची, तर काय टाळावं?

नदीकाठकर:
बेळगावजवळ मार्कंडेय नदीला लागून पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड आहे, नांगरटीत खापरं निघतात. संरक्षित स्थळांच्या कुठल्या यादीत नाव नाही. आता तिथं लॉन, पेव्हरची वाट, तारेचं कुंपण आणि काठाला दगडी पिचिंग (काठ धुपू नये म्हणून दगडांचं अस्तर) घालायचं ठरतंय. बेळगावातच वडगाव-माधवपूरला उत्खननात सातवाहनकाळ निघाला, म्हणून नुसती खापरं म्हणून सोडवत नाही. आराखड्यात काय बदलायला सांगू?

खापरी:
लॉन आधी काढायला लावा. रोजच्या पाण्यानं मातीतले क्षार गाडलेल्या जुन्या विटांत चढतात आणि वाळताना विटेचा पापुद्रा निघतो. कुंपणाचा प्रत्येक खांब म्हणजे जुन्या वस्तीच्या थरात दीड-दोन फुटांचं भोक. खांब जमिनीवर ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवा. वाटेसाठी चर खणू नका. जमिनीवरच जिओटेक्स्टाईल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), त्यावर 10 सेंमी वाळू, वर 15 सेंमी मुरूम. पाणी मारून हातरोलरनं दाबा, व्हायब्रेटर नको. वाळूचा रंग वेगळा असतो, त्यामुळे उद्या कोणी खणलं तर आजचा भराव कुठं संपला ते लगेच दिसतं. दिवाबत्तीची केबलही याच भरावातून, पाइपात घालून न्या.

वाळा_वाळुंज:
पिचिंगपेक्षा त्याच्या तयारीची भीती जास्त. जेसीबीनं काठ तासून उतार काढतात, आणि तुटलेल्या दरडीतच राखेचे, खापरांचे थर उघडे असतात! दरड तासू नका, पायथ्याशी भराव घालून 1:2 उतार (एक उभा, दोन आडवे) द्या, वर काथ्याची जाळी. जूनच्या पहिल्या पावसात वाळ्याचे ठोंब 15 सेंमी अंतरावर, आडव्या ओळींत लावा. पाण्यालगत वाळुंज, हे नदीकाठी वाढणारं झाड. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, तेव्हा तो टेकाडावर अजिबात नको. पिचिंग केलंच, तर ते जिथं संपतं तिथं पाणी खालचा काठ खातं, आणि खाली कुणाचं तरी शेत असतंच.

खापरी:
कायद्याचं एक. 100 मीटर बंदी आणि पुढं 200 मीटर नियंत्रण हे केंद्र-संरक्षित जागांना, जशी बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर. तुमची जागा यादीत नाही, म्हणजे हे आपोआप लागू होत नाही. टेंडर निघण्याआधी राज्य पुरातत्त्व खात्याला पाहणीसाठी लेखी अर्ज द्या, सर्व्हे नंबर, नकाशा आणि दरडीचे फोटो जोडून. फोटोत मापाची पट्टी ठेवा. खापरं वेचून नेऊ नका, होती तिथंच राहू द्यात.

नदीकाठकर:
टेकाडावर पिंपळाची दोन रोपं आहेत. उपटू का?

वाळा_वाळुंज:
उपटू नका. मुळासकट थर वर येईल. बुंधा जमिनीलगत कापा, फुटवे आले की पुन्हा कापत राहा.