बँड म्हटलं की "ऑर्डर कितीला घेता?" – भुसावळात पॉप-पंक

फलाट_नंबर_पाच (भुसावळ)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं गेल्या वर्षापासून पॉप-पंक वाजवतो, म्हणजे पंक रॉकचाच वेगवान पण गुणगुणता येईल असा प्रकार. मी गिटार वाजवतो आणि गातो. गल्लीत कुणालाही "आमचा बँड आहे" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "लग्नाची ऑर्डर कितीला घेता?" त्याचं आता काही वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. ड्रमरला पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, महिनाअखेर तो महाराष्ट्र एक्सप्रेसने जाणार. स्वतःची गाणी चार, तीही अर्धी इंग्रजीत. बास गिटारवाला म्हणतो, आपणही पुण्याला जाऊ, इथे राहून काही होत नाही. मोठे बँड सुरुवातीला काय करत होते? आणि आपल्या खान्देशात हे आधी कुणी केलंय का?

जुना_बास (धुळे)

केलंय रे भो. २००३ ते २००६, तीन वर्षं. आज मी खतांचं दुकान चालवतो, पण बोटांवरचे घट्टे अजून गेले नाहीत.

आधी ड्रमरचं सांगतो. अमेरिकेतल्या ग्रीन डे या पॉप-पंक बँडचा ड्रमर जॉन किफमायरसुद्धा कॉलेजलाच गेला होता. तो बँड काढणारे बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट १९८७ मध्ये पंधरा वर्षांचे होते, बँडचं नाव तेव्हा 'स्वीट चिल्ड्रन'. पहिला कार्यक्रम कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोत एका खानावळीत झाला, बिलीची आई तिथे वेट्रेस होती. १९८९ मध्ये पहिली रेकॉर्ड निघायच्या तोंडावर त्यांनी नाव बदललं, कारण तशाच नावाचा दुसरा बँड तिथे आधीच होता. मग १९९० मध्ये ड्रमर शिकायला निघून गेला आणि त्याच्या जागी ट्रे कूल आला. पुढे ट्रेचा बाप फिरत्या वाचनालयाची जुनी गाडी चालवत पोरांना गावोगाव घेऊन जायचा. माझ्या बापाने मला दुकानाची रिक्षासुद्धा दिली नाही, ते सोड.

त्यांच्याकडे एक गोष्ट होती आणि आमच्याकडे नव्हती. कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीत गिलमन स्ट्रीटवर एक जागा होती, १९८६ च्या अखेरीस सुरू झालेली. दारू नाही, वयाची अट नाही, सगळं काम स्वयंसेवक करणार. शाळकरी पोरं तिथेच ऐकायची आणि तिथेच वाजवायची. म्हणून पुण्याला जाण्याआधी जागा बघ. कुठलीही चालेल, पण दर आठवड्याला तीच आणि त्याच वाराला.

आम्हाला मित्राच्या काकांच्या जिनिंगचं (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं) गोदाम मिळालं होतं. हंगामात तिथे रुईच्या गाठी रचलेल्या असत, एकेक १७० किलोची. त्या गाठींमध्ये आवाज असा मऊ बसायचा की शहरातल्या स्टुडिओने लाजावं. पण हंगामात आम्हाला आत घेणार कोण? हंगाम संपला की गोदाम मिळायचं आणि गाठी गेलेल्या असायच्या. मग नुसते पत्रे. झांजेवर एक फटका मारला की तो चार वेळा परत यायचा. शेवटी भिंतींना बारदान आणि घरातल्या जुन्या गोधड्या टांगल्या. आजीची एक गोधडी तिथेच राहिली, त्यावरून अजून बोलणी खातो.

आता मुख्य मुद्दा. आमचाही ड्रमर गेला, नाशिकला नोकरीला. रॉकवाला शोधत सहा महिने फुकट घालवले. मग बँड पार्टीतला एक पोऱ्या आणला, साईड ड्रम वाजवणारा. हात म्हणजे शिलाई मशीन! पण पाय मुका, कारण गळ्यात ड्रम अडकवून वरातीत चालणाऱ्याला पायाने ड्रम वाजवायचं पॅडल कधी लागतच नाही. त्याला आधी फक्त पाय शिकवला. पोत्यावर टाच टेकवून पंजा आपटायचा, रोज अर्धा तास, हात खिशात. दोन महिन्यांत तो आमच्यापेक्षा पुढे पळायला लागला. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाच्या तारखा नसतात, तेव्हा तोही मोकळा आणि जिनिंगही बंद. म्हणजे तुझे दिवस आत्ताच आहेत.

पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या गॅदरिंगला केला. दुसऱ्या गाण्याला साऊंडवाल्याने लाइनच काढून घेतली. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज, ऐकून त्याला वाटलं स्पीकर फाटला. गिटारच्या पेडलवर पाय ठेवून, काढून, पुन्हा ठेवून दाखवलं तेव्हा कुठे पटलं. तू आधीच जाऊन दाखव.

शुद्धलेखन (जळगाव)

पॉप-पंकला मी पंक मानत नाही. गिलमनवाल्यांनीही मोठ्या कंपनीशी करार केल्यावर ग्रीन डेला दार बंद केलं होतं, हे @जुना_बास सोयीस्कर विसरले.

जुना_बास (धुळे)

विसरलो नाही. बाकी, आमच्याशी करार करायला कोणती कंपनी जिनिंगच्या दारात उभी होती?

कपाशीची_बोंडं (शिरपूर)

ड्रमरवरून आठवलं. ब्लिंक-१८२ या अमेरिकन पॉप-पंक बँडमधला ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर १९९८ मध्ये दुसऱ्या बँडमधून ऐनवेळी आला आणि पाऊण तासात वीस गाणी शिकून स्टेजवर बसला. ब्लिंक-१८२ हाही पोवे नावाच्या गावातला, सॅन डिएगोच्या बाहेरचा. आणि नावामागचा १८२ हा आकडा हौसेने नाही लावला, आयर्लंडच्या एका बँडचं नाव आधीच ब्लिंक होतं म्हणून.

पण फलाटदादा, अर्धं इंग्रजी कशाला? अहिराणीत लिहून बघा. 'आहे' म्हणायला दोन ठोके जातात, 'शे' एकात बसतो आणि हवा तेवढा ताणता येतो. "मनी (माझी) सायकल पंक्चर शे" असं डाऊनस्ट्रोकवर, म्हणजे तारांवर वरून खाली फटके मारत, म्हणून बघा, मग बोला. मी भावासोबत घरात करून पाहिलं, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मग दुरुस्त करी लय ना.

फलाट_नंबर_पाच (भुसावळ)

काका, ताई, मनापासून आभार. 'शे' काल रात्री लावून पाहिला, एक अख्खं कडवं बसलं. बासवाला अजून पुण्यावर अडलाय, पण रविवारी येतो म्हणाला.

जागेसाठी मामांच्या केळीच्या वखारीबद्दल विचारलंय. आणि बँड पार्टीतला एक जण सापडला. त्याला म्हटलं पैसे सध्या नाहीत, तर म्हणाला चालेल, तारखा नसतील तेव्हा येईन. फक्त जाता जाता विचारलं, "ड्रेस तुमचा आहे, का आमचाच लाल कोट घालून येऊ?"